'श्री'ची इच्छा आणि लोकांची

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले की आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटावरून हटकून वाद होतो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, यातली निम्मी पुस्तके रद्दीवाल्याच्या हवाली करावीत. माझे म्हणणे असे की, आणखी एक कपाट करून घ्यावे. चाळीस वर्षांत हा वाद मिटलेला नाही आणि दर दिवाळीला तो नव्या उमेदीने सुरू होतो. यंदा मात्र झाडता झाडता मागच्या रांगेतून एक पुस्तक हाती आले आणि मी मुकाट्याने खाली बसलो. पुस्तक माझे नव्हते. पहिल्या पानावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची सही होती. "सर, वाचा अन् खरं काय ते सांगा," असे म्हणून त्याने ते २०१६ च्या पावसाळ्यात माझ्या हाती दिले होते. पुस्तक परत करायचे राहिले आणि मत द्यायचेही राहून गेले. ही दोन्ही ऋणे फेडावीत म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

पुस्तकाचे नाव ही 'श्री'ची इच्छा. लेखक श्री ठाणेदार. बेळगावकडचा एक गरीब घरचा मुलगा अमेरिकेत जातो, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवतो, कारखानदार होतो, अशी ही हकिगत. मराठी घरांतून हे पुस्तक पुष्कळ वाचले गेले. मुलगा बारावीत नापास झाला तरी हे पुस्तक भेट मिळे आणि पहिल्या वर्गात आला तरी हेच मिळे. आमच्या मुळशी तालुक्यात तर त्याला भलताच मान होता. एकीकडे हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिलेल्या, त्यांत संगणकावर काम करणारी आणि उद्या अमेरिकेला जाऊ पाहणारी मुले. दुसरीकडे भातखाचरे विकून हाती एकदम पैसा आलेली आणि 'आता काय करावे' या विचारात पडलेली त्यांच्याच वयाची पोरे. दोघांनाही हे पुस्तक आपलेच वाटे. ज्याने मला ते दिले तो दुसऱ्या प्रकारातला. बापाच्या जमिनीपैकी बरीचशी विकून त्याने दोन जेसीबी आणि चार डंपर घेतले, पिरंगुटला कचेरी थाटली आणि धंदा नेटाने वाढवला. आता त्याला जिल्हा परिषदेचे तिकीट हवे होते.

म्हणजे पुस्तकावर मत मागताना तो खरे तर दुसऱ्याच गोष्टीवर मत मागत होता. ते माझ्या लक्षात आले नाही असे नाही. लक्षात आले म्हणूनच मी टाळाटाळ केली.

प्रथम पुस्तकाविषयी. ठाणेदारांचा जन्म १९५५ च्या फेब्रुवारीतला, चिकोडीचा. तेव्हा चिकोडी मुंबई राज्यात होती. पुढल्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली आणि ती म्हैसूर राज्यात गेली. दीड-पावणेदोन वर्षांचे मूल पाळण्यातून न हलता परप्रांतात गेले! बाहेरचेपण या गृहस्थांच्या पत्रिकेतच मांडलेले होते म्हणावयाचे. मोठे कुटुंब, ओढगस्त, बेळगावात शिक्षण, पुढे मुंबई विद्यापीठाची एम्.एस्सी. आणि १९७९ साली अमेरिका. ॲक्रन विद्यापीठाची डॉक्टरेट १९८२ ची. सेंट लुईस येथील 'केमिर' नावाची एक चिमुकली प्रयोगशाळा त्यांनी १९९१ साली ७५ हजार डॉलरांना, तेही कर्ज काढून, विकत घेतली आणि तिचा विस्तार केला. दुसऱ्या कंपन्यांचे पदार्थ पृथक्करण करून त्यांत काय काय घटक आहेत हे सांगावयाचे, हा या प्रयोगशाळेचा धंदा. मध्यंतरी संसारावर मोठा आघात झाला. तोही लेखकाने झाकून ठेवलेला नाही, आणि या प्रांजळपणाबद्दल त्याला मानलेच पाहिजे.

मी व्याकरण शिकवण्यात जन्म घालवला, त्यामुळे माझी नजर आधी विरामचिन्हांवर जाते. या नावातील 'श्री' अवतरणचिन्हांत आहे. शिवछत्रपतींच्या स्वराज्यसंकल्पाशी परंपरेने जोडल्या गेलेल्या शब्दांची आठवण मराठी वाचकाला इथे झाल्यावाचून राहत नाही. तिथे श्री म्हणजे ईश्वर. आपला संकल्प आपला नसून त्याचा आहे, असे म्हणून माणूस तिथे नम्र होतो आणि त्याच क्षणी शेकडो मावळ्यांना त्या संकल्पात शिरायला दारही उघडून देतो. कारण जी इच्छा ईश्वराची ती माझी एकट्याची नाही, तुमचीही आहे. अवतरणचिन्हे पडली आणि श्री म्हणजे लेखक झाला. श्लेष मोठा गमतीचा आहे, शीर्षक म्हणून चपखल आहे, परंतु ते दार मात्र बंद झाले.

हा लेखकाचा अहंकार आहे असे मला म्हणावयाचे नाही. हा त्या वाङ्मयप्रकाराचाच स्वभाव आहे. उद्योजकाचे आत्मचरित्र, निदान आपल्याकडे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लोकप्रिय झालेले, ही एकपात्री रचना असते. रंगमंचावर नायक एकटा. बाकीची माणसे एक तर मदत करावयास येतात, नाही तर अडवावयास येतात, आणि काम झाले की विंगेत जातात. विठ्ठल कामतांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' घ्या. तिन्ही शब्दांत वजनदार शब्द 'मी' हाच आहे, आणि ते वाचताना आपण सुखावतो, कारण वाचक एकटा बसून वाचत असतो आणि त्या 'मी'च्या जागी हळूच स्वतः जाऊन बसतो. या प्रकारचे सामर्थ्य ते हेच. यात गैर काही नाही. निराश झालेल्या पोराला उभे करावयाचे तर त्याला दुसऱ्याच्या 'मी'चा हात द्यावा लागतो.

जुन्या पिढीत हे थोडे निराळे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी धंद्याची सुरुवात केली तीही बेळगावातच, सायकलींच्या दुकानातून. पण १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी कारखाना काढला तेव्हा त्याच्याभोवती एक वाडी वसली, आणि किर्लोस्करवाडीची कोणतीही हकिगत सांगावयाची तर ती गावाची हकिगत झाल्याशिवाय राहत नाही. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या 'कॅक्टस अँड रोझेस' या आत्मचरित्रातही कारखाना हा एक समाज म्हणून दिसतो. सेंट लुईसच्या प्रयोगशाळेभोवती वाडी वसण्याचे काही कारण नव्हते, हे मान्य. तरीही एका बेळगावातून निघालेल्या या दोन वाटा मला राहून राहून आठवतात.

आता या पुस्तकात जे नाही त्याकडे वळतो, कारण माझ्या विद्यार्थ्याला हवे असलेले उत्तर तिथेच आहे. मराठी पुस्तक निघाले आणि २००८ साली 'द ब्लू सूटकेस' या नावाने इंग्रजी आत्मचरित्रही आले, तेव्हा नायक शिखरावर होता. पडदा तिथे पडतो. पुढे दोन वर्षांतच मंदीच्या काळात कर्ज थकले आणि २०१० साली बँकेने कंपनीचा ताबा घेतला. न्यू जर्सीत औषधांच्या चाचण्या करणारी एक संस्था ठाणेदारांच्या मालकीची होती. तीही बंद पडली आणि तिथे शंभरावर बीगल जातीचे कुत्रे आणि काही माकडे अडकून पडली. प्राणिमित्रांनी ते कुत्रे सोडवून नेले. ताबा बँकेकडे होता, निर्णय माझ्या हाती नव्हता, असे ठाणेदारांचे म्हणणे आहे. त्याच वर्षी मिशिगनमधील ॲन आर्बर येथे त्यांनी 'ॲव्होमीन' ही नवी प्रयोगशाळा काढली, तीही वाढवली आणि २०१६ साली तिचा मोठा हिस्सा विकून ते पुन्हा श्रीमंत झाले. वयाची पंचावन्न वर्षे झाल्यावर शून्यातून पुन्हा उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हे. माझ्या मते पुस्तकातल्या सगळ्या कर्तबगारीपेक्षा ही न लिहिलेली कर्तबगारी मोठी आहे.

यानंतर माणसाने काय करावे? नातवंडे खेळवावीत, एखाद्या शाळेला देणगी द्यावी. ठाणेदारांनी २०१७ साली जाहीर केले की, आपण मिशिगन राज्याचे गव्हर्नर होऊ इच्छितो आणि डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत आहोत.

इथे वाचकांना थोडी माहिती द्यावयास हवी. अमेरिकेचे अध्यक्ष होण्यास माणूस जन्मतः तिथला नागरिक असावा लागतो, अशी त्यांच्या घटनेची अट आहे. त्यामुळे चिकोडीत जन्मलेल्या माणसाला ते दार कायमचे बंद. कारभाराची जी सर्वांत उंच जागा त्याला मिळू शकते ती राज्याच्या गव्हर्नरची. त्यांनी एकदम त्या जागेवरच हात ठेवला. यापूर्वी ते ना नगरपालिकेत निवडून आले होते, ना विधिमंडळात.

दुसरे असे की, तिकडे तिकीट वाटपाची रीत आपल्यासारखी नाही. आपल्याकडे तिकीट म्हणजे बंद खोलीतला प्रसाद. तो कोणाला का मिळाला आणि कोणाला का नाही, हे देवालाच ठाऊक. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवावयासही मतदान होते. मिशिगनमध्ये तर त्या मतदानाला पक्षाचे नोंदलेले सभासद असण्याचीही अट नाही. मतदाराने त्या दिवशी एका पक्षाची मतपत्रिका निवडली की झाले. बाहेरून आलेल्या धनवंताला याहून सोयीची व्यवस्था कोणती? पुढाऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्याची गरज नाही, थेट लोकांपुढे जाऊन उभे राहता येते. पण या सोयीला एक काटा आहे. हरल्यावर 'मला डावलले' असे म्हणावयास जागा उरत नाही. दूरदर्शनवर तुम्हीच दिसलात, लोकांनी तुम्हाला पाहिले, ऐकले आणि मग नको म्हटले.

पैशाची कमतरता नव्हती. स्वतःच्या खिशातून त्यांनी एक कोटीहून अधिक डॉलर ओतले. फेब्रुवारी २०१८ मध्ये, ज्या फुटबॉल सामन्याच्या दिवशी अवघी अमेरिका घरात बसून असते त्या दिवशी, त्यांची जाहिरात झळकली. वसंत ऋतूत काही जनमत चाचण्यांत ते चक्क आघाडीवर दिसले. सर्वांना आरोग्यसेवा, कामगारांना बरे वेतन, असा त्यांचा पुरोगामी कार्यक्रम होता. आणि घोषणा होती, 'श्री फॉर वुई'.

ही घोषणा मी प्रथम वाचली तेव्हा वर्गात एखाद्याने चुकीची विभक्ती लावली की होते तसे मला झाले. इंग्रजी व्याकरणाप्रमाणे तिथे 'अस' हवे. 'वुई' हे कर्त्याचे रूप. 'श्री'शी यमक जुळावे म्हणून बिचाऱ्या 'आम्ही'ला विभक्तीवाचून ताटकळत ठेवले आहे. ही चूक त्यांनी जाणूनबुजून केली असणार, आणि जाहिरातवाल्यांच्या दृष्टीने ती नामीच असेल. परंतु त्या तीन शब्दांत त्या सबंध मोहिमेचा दोष मला दिसतो. आत्मचरित्राच्या नावातला 'श्री' तसाच उचलून आणला, त्याच्यापुढे 'आम्ही' नेऊन बसवले. त्या दोघांचा वाक्यात संबंध काय हे सांगणारा प्रत्यय तेवढा राहून गेला.

सभांतून आणि जाहिरातींतून ठाणेदारांनी मुख्यतः आपली कथाच सांगितली: मी गरीब होतो, कष्ट केले, दोनदा उभा राहिलो. ही कथा खरी आहे आणि हृद्यही आहे. पण वाचक आणि मतदार ही दोन निराळी माणसे आहेत, मग एकाच देहात का राहत नाहीत! वाचक नायकाच्या जागी जाऊन बसतो आणि मनात म्हणतो, मीही असा होईन. मतदार नायकाला आपल्या ओसरीवर बसवतो आणि विचारतो, ते सगळे ठीक, तुम्ही आमच्याकडे आजवर कितीदा आला होतात? आमची शाळा बंद पडली तेव्हा कुठे होता? या प्रश्नाचे उत्तर आत्मचरित्रात नसते. ते दुसऱ्यांच्या आठवणींत असावे लागते, आणि त्या आठवणी काही पैशाने छापून घेता येत नाहीत.

उलट त्यांच्याविषयी लोकांच्या हाती ज्या आठवणी आल्या त्या नेमक्या पुस्तकाबाहेरच्या होत्या. न्यू जर्सीतले ते कुत्रे पुन्हा वर्तमानपत्रांत आले. आधी रिपब्लिकन पक्षातून उभे राहावे की डेमोक्रॅटिक, अशी त्यांनी सल्लागारांकडे चाचपणी केली होती, असे वृत्त प्रसिद्ध झाले. ठाणेदारांनी ते नाकारले. या आरोपांचा न्याय करावयास मी इथे पौडच्या बाजूला बसून असमर्थ आहे. मला एवढेच दिसते की, ज्याची ओळख लोकांना स्वानुभवाने असते त्याच्यावरच्या आरोपाला लोक स्वतःच्या आठवणीने उत्तर देतात. ज्याची ओळख फक्त जाहिरातीतून झाली आहे, त्याच्यावरच्या आरोपालाही मग जाहिरातीनेच उत्तर द्यावे लागते.

७ ऑगस्ट २०१८ ला मतदान झाले. ग्रेचेन व्हिटमर यांना ५२ टक्के, अब्दुल अल्-सय्यद यांना ३० आणि ठाणेदारांना सुमारे १८ टक्के मते पडली. तिसरा क्रमांक. मते दोन लाखांवर होती, म्हणजे दर मतामागे पन्नासएक डॉलर खर्च झाला. व्हिटमरबाई चौदा वर्षे विधिमंडळात काढलेल्या, पक्षात मुरलेल्या. त्यांचे येणे समजण्यासारखे आहे. मला विचार करावयास लावतात ते अल्-सय्यद. तेही कधी निवडून आलेले नव्हते. इजिप्तमधून आलेल्या आईबापांचा मुलगा, तिशीतला डॉक्टर, कार्यक्रमही जवळजवळ तोच. आणि पैसा ठाणेदारांच्या मानाने थोडा. परंतु त्यांनी डेट्रॉईट शहराचे आरोग्यखाते सांभाळले होते. 'हा आमच्यात होता' असे सांगणारी काही माणसे त्यांच्यापाशी होती.

अशा अपयशाचे ठाणेदार हे एकटेच धनी नाहीत. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच पाहावयाचे तर २०२० साली अँड्र्यू यांग आले, प्रत्येक नागरिकाला महिना हजार डॉलर देण्याची कल्पना घेऊन. दुसऱ्याच राज्यातल्या मतदानानंतर थांबले. त्याच वर्षी मायकेल ब्लूमबर्ग यांनी सुमारे शंभर कोटी डॉलर खर्च केले आणि जिंकले काय, तर प्रशांत महासागरातले अमेरिकन सामोआ. विवेक रामस्वामी हे औषधांच्या धंद्यातून आलेले तरुण गृहस्थ जानेवारी २०२४ मध्ये आयोवाच्या पहिल्याच फेरीनंतर बाजूला झाले. १९४० चे वेंडेल विल्की आणि २०१६ चे डोनाल्ड ट्रम्प हे दोन अपवाद नेहमी सांगितले जातात. पण विल्कींना उमेदवारी मिळूनही अध्यक्षपद मिळाले नाही, आणि ट्रम्प यांना घरोघर लोक वर्षानुवर्षे दूरदर्शनवर पाहत आले होते. असो. हा विषय मोठा आहे आणि माझा नाही.

माझा विषय जवळचा आहे. माझ्या विद्यार्थ्याला २०१७ च्या निवडणुकीत तिकीट मिळाले नाही. ते एका जुन्या कार्यकर्त्याला गेले. हा संतापला आणि अपक्ष उभा राहिला. चांदणी चौकापासून ताम्हिणीच्या रस्त्यापर्यंत त्याचे फलक लागले. प्रत्येकावर त्याचा पुरुषभर उंचीचा फोटो आणि 'शून्यातून विश्व' असली काही अक्षरे. जेवणावळी झाल्या. मत मोजले गेले तेव्हा अनामत रक्कम वाचली नाही. पुढल्या वर्षी मिशिगनचा निकाल आला तेव्हा त्याने मला फोन केला आणि कुणाची तरी मयत कळवावी तशा आवाजात म्हणाला, "सर, ठाणेदार पण पडले."

त्या वेळी मी त्याची कशीबशी समजूत काढली. आज वाटते, त्याला तेव्हा धरणाकडे न्यावयास हवे होते.

मुळशीला बाहेरचा माणूस नवा नाही. सेनापती बापट पारनेरचे, नगर जिल्ह्यातले. एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकावयास गेलेले, पॅरिसला बॉम्बची विद्या मिळवून आलेले. म्हणजे आजच्या भाषेत परदेशातून परतलेला उच्चशिक्षित. १९२१ साली टाटांच्या धरणाखाली मावळ्यांच्या जमिनी जावयाच्या होत्या, तेव्हा हा माणूस इथे आला. त्याच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते. त्याने इथल्या लोकांबरोबर मार खाल्ला, तुरुंग भोगला, सुटला की परत आला, पुन्हा तुरुंगात गेला. शेवटची शिक्षा सात वर्षांची झाली. 'सेनापती' हे नाव त्याला याच मातीत मिळाले. त्या लढ्यात तो हरला, हे विसरू नये. धरण पुरे झाले, गावे पाण्याखाली गेली, उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या खुणा दिसतात. तरी मुळशीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बापट कुठले? तो 'आमचे' म्हणेल.

ही तुलना ठाणेदारांना थोडी अन्यायाची आहे, हे मला कळते. सत्याग्रही आणि उमेदवार यांचा धर्म निराळा. प्रत्येकाने तुरुंगात जाऊन मगच मते मागावीत असा नियम केला तर लोकशाही चालावयाची नाही. शिवाय ठाणेदारांनी पराभवानंतर जे केले ते पाहिल्यावर मला माझे मत निम्मे तरी मागे घ्यावे लागते. ॲन आर्बर हे विद्यापीठाचे, सुखवस्तू गाव सोडून ते डेट्रॉईटमध्ये राहावयास गेले. गव्हर्नरपदाची भाषा सोडून २०२० साली त्यांनी राज्याच्या प्रतिनिधिगृहातली एक जागा लढवली आणि जिंकली. शिखरावरून उतरून पहिल्या पायरीवर उभे राहणे पासष्टाव्या वर्षी किती जणांना जमते? २०२२ साली ते अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले, २०२४ साली पुन्हा गेले. चिकोडीचा मुलगा वॉशिंग्टनला पोचला, म्हणून इकडे पेढे वाटले गेले असतील, आणि ते योग्यच आहे.

परंतु पेढ्याबरोबर एक खडा दाताखाली येतो. राज्याच्या आणि काँग्रेसच्या या निवडणुकांतही त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले. २०२२ च्या पक्षांतर्गत लढतीत नऊ उमेदवार होते; मते फुटली आणि सुमारे २८ टक्क्यांवर ठाणेदार निवडले गेले. डेट्रॉईट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे शहर. १९५५ पासून त्या शहराचा निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असे. ही परंपरा त्या निवडणुकीने तुटली. लोकांनीच मते दिली, तेव्हा तक्रारीला जागा नाही, असे कोणी म्हणेल. मीही वर तेच म्हटले आहे. तरीही उद्या मुळशीतून, मतांच्या फाटाफुटीत, मोठ्या खर्चाच्या जोरावर, दोन वर्षांपूर्वी राहावयास आलेला एखादा सज्जन निवडून आला तर मला काय वाटेल? मी पेढे वाटीन असे वाटत नाही. त्याने नंतर रस्ता केला, दवाखाना आणला, तर कदाचित मत बदलीनही.

हा भाग ठाणेदारांनी मराठीत लिहावा अशी माझी इच्छा आहे. बँकेने ताबा घेतला तो दिवस, त्या कुत्र्यांविषयी त्यांना स्वतःला रात्री काय वाटले ते, ऑगस्टमधली ती पराभवाची संध्याकाळ, आणि नंतर ज्या शहराने आपल्याला जन्म दिला नाही, वाढवले नाही, त्याच्या गल्लीबोळांतून दारे ठोठावताना कोण काय बोलले ते. रसायनशास्त्रज्ञाला पदार्थातले घटक ओळखता येतात. आमच्या घरी बेसनाच्या लाडवांचे सगळे घटक मलाही पाठ आहेत. पाक मात्र दर वर्षी सौभाग्यवतींनाच करावा लागतो, कारण तो केव्हा उतरवावयाचा हे वजनमापात लिहिलेले नाही. पहिल्या पुस्तकात घटक आहेत. त्या दुसऱ्या पुस्तकात, लिहिले गेलेच तर, पाक असेल, आणि त्यात इतर माणसे नुसती मदत करावयास किंवा अडवावयास येणार नाहीत.

पुस्तक परत द्यावयास मी परवा त्याच्याकडे गेलो. कचेरीत तो नव्हता. शेतावर आहे असे कळले. विकून उरलेली दीडेक एकर खाचरे आहेत, तीही काढून पुढची निवडणूक पुन्हा लढवावी असे त्याच्या मनात असल्याचे त्याच्या आईने मला मागे सांगितले होते, आणि खरे सांगावयाचे तर माझे जाणे त्यासाठीच होते. बांधावर उभा राहून तो आंबेमोहोर पाहत होता. मी पुस्तक दिले. त्याने पाने चाळली आणि म्हणाला, "सर, याच्यात पुढचं काहीच नाही हो."

"नाही," मी म्हणालो. "माझे मत दिवाळी अंकात छापून यायचे आहे."

"म्हणजे अंक विकत घ्यायला लावता!" तो हसला. मग मी खाचरांचे विचारले. तो काही वेळ बोलला नाही. पुस्तक त्याने डोक्यावरच्या उन्हाला आडवे धरले होते.

"गिऱ्हाईक येऊन गेलं," तो म्हणाला. "म्हटलं, आधी भात कापून होऊ दे. मग बघू."